वाढत्या अंगाचं माप

रेश्माच्या मापाला आख्ख्या सोलापुरात कुणी नाव ठेवलं नसतं. सोळा वर्षं ती शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात माप घेत होती. पोर समोर येऊन उभं राहिलं की टेप लावायच्या आधीच तिला आकडा कळायचा. टेप लावायची ती नुसती आईबापांच्या समाधानासाठी. अशा बाईनं पोटच्या पोरीच्या मापात दोन इंचांचा घोळ घालावा, तोही एकदा नव्हे, आठ महिने सलग, आणि तो मुद्दाम घातला की चुकून झाला हे तिचं तिलाच सांगता येऊ नये! दिव्याखाली अंधार म्हणावं, तर तसंही नाही. सगळं वहीत निळ्या शाईनं तारीखवार लिहिलेलं होतं.

पण सुरुवात पोरीपासून करायला हवी, कारण सोसत होती ती.

संस्कृती आठवीपर्यंत शाळेच्या खो-खो संघात होती. पळायला लागली की मागं लागलेल्या पोरी दमून कमरेवर हात ठेवायच्या. नववीत तिची छाती भरायला लागली आणि भरतच गेली. बाकी पोरगी काटकुळी, मनगटातून बांगडी गळून पडेल अशी, आणि त्या एवढ्याशा अंगावर हा भार. मान दुखायची, पाठ दुखायची, खांद्यावर पट्ट्यांचे वळ काळे पडले होते, उन्हाळ्यात घामानं कातडी सोलून निघायची. मैदानाच्या कठड्यावर जी पोरं येऊन बसायची, त्यांना खो-खोत काडीचा रस नव्हता हे तिला एका दिवशी कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर गेली नाही. एप्रिलच्या उन्हात, सोलापुरातली कुत्रीसुद्धा गटारीत जाऊन बसतात तेव्हा, ही बापाचं जर्किन घालून क्लासला जायची. लोकांना वाटायचं, पोरीला ताप आहे.

तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. बारावी झाली, अठरा पूर्ण झाली, की अर्ज भरायचा. मैदानी परीक्षेत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. एकदा सकाळी लवकर उठून, एकावर एक दोन घट्ट टी-शर्ट चढवून ती जुळे सोलापुरातल्या त्यांच्या अपार्टमेंटमागच्या मोकळ्या जागेत पळून बघायला गेली. अर्ध्यातच श्वास कोंडला. घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "मम्मी, मला हे कमी करायचंय. ऑपरेशन असतं त्याचं. मी सगळं वाचलंय."

रेश्माला तोंडात मारल्यासारखं झालं. देवानं दिलेलं कुणी कापून टाकतं का, असं ती बोलून गेली. मग पोरीनं टी-शर्ट बाजूला सारून खांदा दाखवला, आणि आईनंच डॉक्टरचा नंबर लावला. त्यानंतर हाडांचे डॉक्टर झाले, त्यांनी पट्टा दिला. व्यायाम शिकवणारी बाई झाली, तिनं भिंतीला टेकून उभं राहायला शिकवलं. शेवटी फिरत फिरत दोघी मायलेकी एका प्लास्टिक सर्जन मॅडमच्या दवाखान्यात पोचल्या. तो डिसेंबर होता आणि संस्कृती साडेसोळा वर्षांची होती.

मॅडमनी पोरीला नीट तपासलं, माप घेतलं, वजन घेतलं. मग म्हणाल्या, "हे ऑपरेशन नखऱ्याचं नाही, दुखण्याचं आहे, त्यामुळे लाजायचं कारण नाही. पण घाईही नाही. अंगाची वाढ थांबलेली पाहिजे. वाढ चालू असताना केलं तर पुन्हा वाढू शकतं. वर्षभर दर महिन्याला माप आणि वजन लिहून ठेवा. जागच्या जागी राहिलं, तर पुढचं बोलू." मग त्या संस्कृतीकडे वळल्या. "व्रण राहतात, कायमचे. आणि पुढे बाळाला अंगावर पाजता येईलच, अशी खात्री मी देऊ शकत नाही. काहींना येतं, काहींना कमी येतं, काहींना नाही येत. या वर्षात त्याचाही विचार कर. तयार आहेस की नाही, ते तू मला सांगायचं. अठरा पूर्ण होईपर्यंत सही मात्र आईवडिलांची."

"मापाचं माझ्यावर सोडा, मॅडम," रेश्मा म्हणाली. "माझा धंदाच हाय त्यो." एवढ्या सगळ्या बोलण्यात तिला समजलेली आणि येणारी तेवढी एकच गोष्ट होती.

घरात या ऑपरेशनला नाव पडलं 'पाठीचं'. रेश्माचा नवरा दिपक एसटीत कंडक्टर. दिवसभर परक्या माणसांशी तोंड वाजवणारा हा गृहस्थ घरात या विषयावर टीव्हीकडे बघूनच बोलायचा. "पाठीचं काय ठरलं?" बस्स. त्यापुढे "तुमी मायलेकी बघा." त्यानंच मोहोळला आपल्या आईलाही फोनवर पाठीचं म्हणून सांगितलं. मुक्ताबाईंनी लगोलग निरगुडीच्या तेलाची बाटली धाडली आणि वर निरोप, की मणक्याला सुरी लावू द्यायची न्हाय, त्यांच्या वस्तीवरचा एक माणूस त्यातनं उठलाच न्हाय. ती बाटली अजून फडताळात आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला मायलेकी दाराला कडी लावायच्या. संस्कृती भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभी राहायची. "आकडा मला सांगू नको," एवढंच म्हणायची. तिला तो ऐकायचाच नव्हता; वर्ष संपलं की एकदाच काय ते कळू दे. रेश्मा माप घ्यायची आणि शिलाई मशिनच्या ड्रॉवरमधल्या वहीत लिहायची. जानेवारी, एकोणचाळीस. फेब्रुवारी, एकोणचाळीस. मार्च, एकोणचाळीस. एप्रिललाही तेच. वजनाचा काटाही हलत नव्हता.

एप्रिलच्या शेवटी मुक्ताबाई मोतीबिंदू काढायला सोलापुरात आल्या आणि आठ दिवस राहिल्या. दुसऱ्याच दिवशी नातीनं त्यांना सरळ सांगून टाकलं, "आज्जी, पाठीचं नाही गं, छातीचं आहे." आता म्हातारी घर डोक्यावर घेणार, असं रेश्मानं धरलं होतं. म्हातारी मात्र दिवसभर डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी रेश्मा भाकरी थापत असताना हळूच स्वयंपाकघरात येऊन टेकली.

"मी नगं म्हनत न्हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "पोरीला तरास हाय, मला एका डोळ्यानंबी दिसतंय की. पन रेश्मा, उद्या तिचं लेकरू भुकेनं रडाय लागलं आन हिला पान्हा फुटला न्हाय, तर ती कुनाला इचारंल? डॉक्टरला? तुला इचारंल. म्हनंल, मम्मी, मी ल्हान हुते, तुला तर कळत हुतं की."

तव्यावरची भाकरी करपली. म्हातारी भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या सासूला काय बोलायचं ते प्रत्येक सुनेला पाठ असतं. ही तर पोरीच्या बाजूनंच बोलत होती. नाही म्हणावं तर आजची पोरगी डोळ्यांपुढं कुबड काढून चालते. हो म्हणावं तर उद्याची, अजून न जन्मलेल्या लेकराची आई जाब विचारते. इकडे आड, तिकडे विहीर.

आता त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट. एप्रिल ते जुलै हा गणवेशांचा सीझन. शाळाशाळांत जाऊन रोज दीडदीडशे पोरांची मापं घ्यायची. आणि प्रत्येक आई एकच वाक्य बोलते, "ताई, वाढत्या अंगाचं शिवा हं." पुढच्या वर्षीही तोच शर्ट चालला पाहिजे ना! म्हणून टेपवर तीस आले तर रेश्मा बत्तीस लिहायची. दोन इंच लूज. कारखान्यात कटिंगवाले तिच्या आकड्यावरच कात्री चालवतात, त्यामुळे तिच्या कागदावर उतरतं ते कधीच अंगाचं माप नसतं, ते कपड्याचं असतं. सोळा वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलेलं, की बेरीज डोक्यात होतच नाही, थेट पेनातून उतरते.

एक मेला शाळांचे निकाल होते. निकाल न्यायला आलेल्या पोरांची मापं घेता घेता रेश्मा दुपारपर्यंत उभी होती. घरी आली, कडी लावली, पोरीचं माप घेतलं आणि वहीत लिहिलं, एक्केचाळीस.

जूनला एक्केचाळीस. जुलैला एक्केचाळीस. पुढं सीझन संपला, दिवाळी आली नि गेली, एक्केचाळीस काही हललं नाही. रेश्मा स्वतः तो आकडा दर महिन्याला बघत होती आणि तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट दर एक तारखेला वही मिटताना तिला जरा मोकळं वाटायचं. म्हणजे अजून वाढतंय. म्हणजे अजून ठरवायचं नाही.

डिसेंबरला दोघी पुन्हा मॅडमसमोर बसल्या. संस्कृतीनं हिशोब करून ठेवला होता: फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा, मग लगेच ऑपरेशन, दोनेक महिने आराम, आणि पावसाळ्यात पळायला सुरुवात. मॅडमनी वही उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"एप्रिलपर्यंत एकोणचाळीस, आणि मेमध्ये एकदम एक्केचाळीस? वजन तर तेवढंच आहे."

संस्कृतीनं आकडा पहिल्यांदा ऐकला. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे अजून वाढतंय?"

"वाढत असेल तर थांबावं लागेल. आणखी एक वर्ष तरी."

पोरीच्या मांडीवरच्या जर्किनवर टपटप पाणी पडायला लागलं, तेव्हा रेश्माला कळलं की ती रडतेय. नाक पुसून संस्कृती म्हणाली, "पण मॅडम, मला गेल्या वर्षीचेच सगळे कपडे बसतात. एक पण घट्ट झाला नाही."

मॅडम उठल्या. पडद्याआड नेऊन त्यांनी स्वतः माप घेतलं. एकोणचाळीस. रेश्माला वाटलं, त्यांचा टेप चुकीचा असणार. ती आत गेली, पर्समधला आपला टेप काढला, पोरीच्या पाठीमागून फिरवून पुढं आणला. एकोणचाळीस. मागच्या डिसेंबरला मॅडमनी लिहिलं होतं तेवढंच, तसूभर इकडं ना तिकडं.

"लूज धरलं," रेश्मा पुटपुटली.

"काय धरलं?"

मग तिनं सांगितलं: सीझन, वाढतं अंग, दोन इंच, सगळं. मॅडम आधी हसल्याच. "म्हणजे तुम्ही लेकीला शाळेचा युनिफॉर्म शिवत होतात!" रेश्माही कसनुसं हसली.

संस्कृती हसली नाही. "मम्मी, सीझन जुलैत संपतो."

टेबलावरची उघडी वही तिनं आईपुढं सरकवली.

"मुद्दाम लिहिलंस का?"

आता काय सांगावं? नाही म्हणावं, तर ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतचे पाच आकडे समोर उघडे पडले होते. हो म्हणावं, तर एकदाही तिनं असं ठरवून पेन उचललं नव्हतं. शपथेवर सांगितलं असतं. कुठला हात खरा? सोळा वर्षं दोन इंच वाढवणारा कामाचा हात, की सासूचं ते वाक्य ऐकून घाबरलेल्या आईचा? हात तर एकच होता. दोन्हीकडची उत्तरं तिला खोटी वाटली.

"मला खरंच कळंना गं," ती म्हणाली. "पन आकडा बघून मला बरं वाटायचं. तेवढं खरं हाय."

संस्कृतीनं मान फिरवली. मॅडमनी वही मिटून बाजूला ठेवली. "मापाचा प्रश्न मिटला. तुम्ही जरा बाहेर बसा, मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय."

बाहेरच्या बाकावर रेश्माच्या शेजारी एक बाई भाजलेला हात गळ्यात बांधून बसली होती. ती विचारत होती, कुणाचं काय झालंय? रेश्मानं सवयीनं सांगितलं, "पोरीची पाठ." आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. पोरगी आत परक्या बाईसमोर सगळं उघड बोलत असेल, आणि आई अजून पाठच म्हणतेय.

तिनं दिपकला फोन लावला. तिकडून गाडीचा आवाज, माणसांचा गलका. "अहो, सही करायची येळ आलीया. तुमी काय म्हनता?"

"मी काय म्हननार?" दिपक म्हणाला. "तू हायेस की तितं." मग तो कुणाला तरी सुट्टे पैसे द्या म्हणून ओरडला आणि पुन्हा फोनवर आला. "तिला पळताना बघून लई दिस झाले बघ. मला आपलं एवढंच कळतंय." आणि फोन बंद.

एवढंच कळतंय! रेश्माला त्याचा रागही आला आणि हेवाही वाटला. तिला तर सगळंच कळत होतं, दोन्ही बाजूंनी. पोरीचं खरं होतं, म्हातारीचंही खरं होतं. मॅडम म्हणतात तयार आहे की नाही ते पोरीनं सांगायचं. पण सतरा वर्षांच्या पोरीला पाजण्यातलं काय ठाऊक? आणि रेश्माला तरी, तिच्या वयात, कशातलं काय ठाऊक होतं? एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं, तेव्हा तू तयार आहेस का असं तिला कुणी विचारलं नव्हतं. मग विचारल्यानं चांगलं होतं की न विचारल्यानं? डोकं नुसतं भणाणून गेलं.

बऱ्याच वेळानं आत बोलावलं. संस्कृतीचे डोळे सुजले होते, पण ती ताठ बसली होती.

"मी तिला विचारलं, पुढं कधी पश्चात्ताप होईल का," मॅडम म्हणाल्या. "तू सांग आईला काय म्हणालीस."

"माहीत नाही म्हणाले," संस्कृती म्हणाली.

रेश्माच्या जिवात एकदम जीव आला. म्हणजे पोरगी तयार नाही! सुटलो. आणि त्याच क्षणी मॅडम म्हणाल्या, "ज्या मुली 'कधीच नाही' म्हणतात, त्यांना मी घरी पाठवते. हिला व्रणांचं माहीत आहे, पाजण्याचं माहीत आहे, त्याची भीती वाटते हेही तिनं सांगितलं. आणि तरी हवंय. माझ्या मते ती तयार आहे. परीक्षा झाली की घेऊ. हा संमतीचा फॉर्म. घरी नेऊन विचार करा, आजच सही पाहिजे असं नाही."

सुटका झाली म्हणता म्हणता कागद पुढ्यात आला. रेश्मा त्याच्याकडे बघत राहिली. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती.

"मम्मी, तू सही करू नको," संस्कृती म्हणाली.

"आँ?"

"मेमध्ये मला अठरा पूर्ण होतात. मग माझी मीच करीन. थोडं पुढं जाईल, जाऊ दे. पुढच्या भरतीला पळेन. उद्या काही वाईट झालं तर तुझ्यावर नको यायला." तिचा आवाज शांत होता, हे तिनं आत बसून ठरवलेलं होतं. "फक्त एक सांग. मी सही केली, तर त्या दिवशी तू येशील ना दवाखान्यात?"

रेश्मानं पोरीकडे पाहिलं. वर्षभर तिला वाटत होतं की ओझं आपण वाहतोय. आणि ही एवढीशी पोरगी, स्वतःचं अंग सावरत, आईच्या डोक्यावरचंही उतरवून घ्यायला निघाली होती, आणि बदल्यात मागत काय होती, तर आईनं यावं. म्हणजे आई येणारही नाही, असं तिनं मनात धरून ठेवलं होतं. कधीपासून? ते एक्केचाळीस ऐकल्यापासून? की त्याच्याही आधीपासून?

रेश्माला संताप आला. असा, की कान तापले.

"येशील ना म्हंजे?" ती ओरडलीच. "येशील ना म्हंजे काय गं? कुटं जानार हाय मी? तुला टाकून कुटं जानार हाय?"

बाहेरची भाजलेल्या हाताची बाई दारातून डोकावली. मॅडमनी तिला खुणेनं परत पाठवलं. रेश्माच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि ते पुसायचंही तिच्या लक्षात नव्हतं. तिनं फॉर्म स्वतःकडे ओढला.

"पेन द्या, मॅडम."

"घाई नाही, रेश्माताई. विचार करून करा."

"वरीसभर इचारच केला की. त्यातनं काय निघालं न्हाय."

मॅडमनी पेन दिलं आणि खाली रेघेवर बोट ठेवलं. रेश्मानं पेन टेकवलं. बाजूनं संस्कृती वाकली, इतकी जवळ, की तिचा श्वास आईच्या गालाला लागला.

"मम्मी, नक्की ना?"

"न्हाय," रेश्मा म्हणाली, आणि सही केली.